चंदनसारच्या रिकाम्या जागेविषयी

मी, सरोजिनी प्रल्हाद रसाळ, वय ७८, निवृत्त इतिहास-शिक्षिका, राहणार चंदनसार, विरार पूर्व, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. परवा डॉक्टरांनी खात्रीसाठी आजचा वार विचारला, तेव्हा मी त्यांना अमेरिकी यादवी युद्धाची सनावळी ऐकवली.

१. बँकेतील ठेवी मुलगा सिद्धेश व मुलगी उन्नती यांना समसमान.

२. जाऊबाई लीला यांनी १९८६ साली माझा पितळी बंब नेला. तो त्यांच्याकडेच राहो. फक्त ‘सरूने दिला’ असं सांगणं त्यांनी आता थांबवावं.

३. माझ्या पगारातून घेतलेली, माझ्याच नावावरची दोन गुंठे जागा व त्यावरील घर. इथे खुलासा करणं भाग आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले लोक पश्चिमेकडे का गेले, हे मी नववीला एकतीस वर्षं शिकवलं. पूर्वेकडची दाटी, स्वस्त जमीन, रेल्वे, सोनं. सोनं सोडलं तर आम्हीही गिरगावातून विरारला याच कारणांनी आलो, हे निवृत्तीनंतर लक्षात आलं. परिणामांपर्यंत तास कधी पुरलाच नाही.

काशीराम गोविंद भोईर या विद्यार्थ्याने मात्र पेपरात लिहिलं होतं, ‘तिथे आधी माणसं राहत होती. ती कुठे गेली?’ मी ‘विषयांतर’ असा शेरा मारून दोन गुण कापले.

गेल्या वर्षी तो बाजारात भेटला. बोलता बोलता मी म्हटलं, आमची जागा घेतली तेव्हा अगदी रिकामी होती.

"रिकामी कोन बोल्लं, बाई? आमची चूल होती तिथं. तुमी यायच्या आधी मालकानं घर पाडलं."

मला राहवेना. जुने सातबारे काढले. कूळ म्हणून त्याच्या आजोबांचं नाव, चाळीस वर्षं. पुढे नाव नाही आणि कारणही नाही. अमेरिकेत सरकारी जमीन पाच वर्षं कसली की ती कसणाऱ्याची होत असे.

सिद्धेश म्हणतो, "आई, आपण कायदेशीर विकत घेतलीय." खरं आहे. तिकडे पश्चिमेला गेलेल्यांकडेही कागद होते.

म्हणून ही जागा व घर माझ्यामागे काशीरामला द्यावं. उन्नतीने अंमलबजावणी पाहावी. सिद्धेशने रागवावं, पण कोर्टात जाऊ नये.

४. हे जिवंतपणीच का दिलं नाही, असं काशीराम विचारील. या वयात राहतं घर सोडायची मला भीती वाटते. त्याची आई इथून निघाली तेव्हा तिला काय वाटलं, हे मला तिला विचारायचं होतं. पण ती वारून अकरा वर्षं झाली.

ठिकाण : चंदनसार
दिनांक : २ फेब्रुवारी २०२५

सही : सरोजिनी प्रल्हाद रसाळ

बाईंनी आम्हां दोघांसमक्ष वाचून सही केली :
१. मेघना एकनाथ सामंत, शेजारी
२. जेन्सन डाबरे, माजी सहशिक्षक