अंगाला लागत नाही

४ मार्च, मंगळवार

मांजरीनं आज ओट्यावरचं कच्चं अंडं फोडून खाल्लं! त्याआधी स्वतःची वाटी चाटूनपुसून साफ केली होती.

ताई नवऱ्याचं घर सोडून माझ्याकडे आली ती एक बॅग आणि ही म्हातारी मांजर घेऊन. बॅग बिचारी गप्प पडून असते. ही ढमी मात्र दिवसभर पायांत — दे, दे, दे! नाव ढमी आणि अंगावर नुसती हाडं.

६ मार्च

आज ओरडलेच. “किती गिळशील गं? फुकटचं मिळतंय म्हणून?” ढमीला म्हटलं. ताई टेबलाशी जेवत होती. मान वर केली नाही. “माझ्यातलं देते मी तिला,” एवढंच म्हणाली.

“तूच लाडावून ठेवलंयस!”

९ मार्च, रविवार

फ्रिजला दोरी. स्वयंपाकघराला कडी. बरं वाटलं — जिंकल्यासारखं.

११ मार्च

लिहायलाही लाज वाटतेय.

लाँड्रीतून आले. दिवसभर वाफ आणि लोकांच्या मळक्या कॉलरी, डोकं भणभणत होतं. घरात कचऱ्याचा डबा आडवा, फरशीभर माशाचे काटे आणि मधोमध ढमी. चप्पल काढली नि हाणली. पाठीत. दोनदा. ती पळाली नाही! मारही खात होती आणि काटेही. तेव्हा हात थांबला. इतकं निव्वळ हावरटपणानं कोण खातं?

ताई दारात उभी. “मारू नकोस गं. मी बघते कुठेतरी खोली.”

“तुला कोण काय बोललं? मी मांजरीला बोलतेय!”

ताई काटे गोळा करायला बसली.

१२ मार्च

सुट्टी काढून ढमीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिचा गळा चाचपला. “खाते किती?”

“विचारू नका! राक्षस आहे.”

त्या हसल्या नाहीत. “तरी इतकी वाळलीय?”

मी ढमीच्या बरगड्यांकडे बघितलं.

म्हणाल्या, रक्त तपासू, बहुतेक थायरॉइड आहे. म्हाताऱ्या मांजरांना होतो. कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही, आतल्या आत जळून जातं. “खोड नाही ही. हिला खरंच भूक लागलेली असते. सारखी.”

मग त्यांची बोटं पाठीवर थांबली. ढमी कळवळली. “इथे काही लागलंय का?”

“कपाटावरून पडली असेल,” मी म्हटलं.

धडधडीत खोटं! आणि ढमी टेबलावरून माझ्याकडेच बघत होती.

१५ मार्च

थायरॉइडच. सकाळ-संध्याकाळ गोळी. फ्रिजची दोरी सोडून टाकली. गाठ इतकी घट्ट मारली होती की कात्री घ्यावी लागली.

२३ मार्च, रविवार

गोळी द्यायला गेले की ढमी अंग चोरते. ताईच्या हातून निमूट घेते. बरोबरच आहे तिचं.

२ एप्रिल

ढमीनं वाटीत उरवलं! चक्क अर्धं! आणि खिडकीत जाऊन पाय ताणून झोपली. ताईला हाक मारून दाखवलं. दोघी लहानपणीसारख्या हसलो. तेवढ्यात मी चपलेबद्दल माफी मागितली, डॉक्टरीणबाईंशी खोटं बोलले तेही सांगून टाकलं. ताई म्हणाली, “जाऊ दे. तुला तरी काय ठाऊक, तिला भूक लागते ते.” हलकं वाटलं. घरातलं सगळं मिटलं एकदाचं!

ताईला आणखी भात वाढायला गेले, तर तिनं ताटावर हात आडवा धरला. “मला भूकच नसते गं हल्ली.”

४ एप्रिल, शुक्रवार

आज लवकर सुटले. कोपऱ्यावरच्या बेकरीशी, भिंतीकडे तोंड करून ताई उभी होती. कोरडा पाव. भराभरा, चावायलाही न थांबता खात होती. मी हाक मारली. ती वळली, आणि उरलेला पाव पाठीमागे लपवला.