काळ्या मातीचं घर

सर, तुम्ही जाऊन आता बरीच वर्षं झाली, तेव्हा तुमचा मान राखून बोलायची गरज उरलेली नाही. जिवंत होतात तेव्हा तो मी नको तितका राखला. आज मी तुमचाच विषय शिकवते. आता त्याला शाश्वत वास्तुरचना म्हणतात, त्याची जाडजूड पुस्तकं निघालीत, परीक्षेत त्याला मार्क आहेत. ऐंशीच्या सुमाराला बेळगावच्या आपल्या कॉलेजात तो अभ्यासक्रमात नव्हताच. तो फक्त तुमच्या डोक्यात होता, आणि तुम्ही तो आमच्या डोक्यात हाणून बसवत होतात.

पहिल्या वर्षी मी घराचा नकाशा काढून आणला. दोन खोल्या, वर सपाट स्लॅब. निपाणीकडच्या आमच्या गावात, वेशीबाहेरच्या वस्तीत, आप्पांच्या मनात जसं घर होतं अगदी तसं. आप्पा म्हणजे माझे वडील, गवंड्याच्या हाताखालचे बिगारी. दुसऱ्यांच्या स्लॅबवर काँक्रीटच्या पाट्या ओतण्यात त्यांचा जन्म गेला. तुम्ही तो कागद वर्गासमोर धरलात आणि म्हणालात, "काय गं, हे घर आहे का भाकरीचा तवा? माणसं राहायची आहेत का भाजायची आहेत?" वर्ग हसला. मग तुम्ही कागद मधोमध फाडलात, घाई न करता, आणि अर्धा तुकडा माझ्या हातात दिलात. "ही उसनी ऐट आहे. घर काढून आण." मी रडले नाही याचाच तुम्हाला राग आला असावा, कारण नंतर वर्षभर तुम्ही मला 'स्लॅबवाली' म्हणत होतात.

तरी मला तुम्हीच चांगलं म्हणायला हवं होतं, दुसरं कोणी नाही. तुम्ही आम्हाला रेल्वेनं गुंजीला तुमच्या घरी नेलंत. तांबड्या मातीच्या हातभर जाड भिंती, वर कौलं, एप्रिलची दुपार आणि आत गारवा. तुम्ही भिंतीवर तळहात ठेवता आणि आम्हालाही ठेवायला लावता. "घर बांधायचं तर आपल्या पायाखालच्या मातीनं. दुसरीकडून आणलेली माती म्हणजे खोटेपणा." मी ते वहीत लिहून घेते आणि खाली दोन रेघा ओढते. त्या दिवशी तुम्ही खोटं बोलत नव्हतात. तुमचा शब्द न् शब्द मला पटला, तिथंच सगळा घात झाला.

सुट्टीत मी घरी गेले. आप्पांनी साइटवर उरलेले सळ्यांचे तुकडे मुकादमाकडून मागून आणले होते, ठोकून सरळ केले होते आणि बाजेखाली जमवून ठेवले होते. ते मी विकायला लावले. मातीचं घर बांधायचं म्हटल्यावर त्यांनी दारातलं एक ढेकूळ उचलून बोटांनी चुरलं. मग म्हणाले, "बांधू की. पर काळ्या मातीत भित उभी ऱ्हात न्हाय, पोरी. पावसात फुगती, उन्हात फाटती. भितीला पांढरीची माती लागती." पांढरी म्हणजे गावठाणातली माती. गावातली सगळी जुनी घरं तिचीच, आणि वस्तीतल्या माणसाला तिथं कुदळ लावायची मुभा नव्हती. आमच्या पायाखाली काळीच होती. "पाटलास्नी इचारतो, दोन गाड्या दिल्या तर बघू," असं ते म्हणाले. मी फणकारले, "दुसरीकडची माती आणायची न्हाय. सरांनी सांगितलंय. तुमास्नी काय कळतंय त्यातलं?" जन्मभर माती आणि चुना कालवलेल्या माणसाला मी हे म्हणाले.

त्यांनी मी सांगितलं तसंच बांधलं. पुढच्या उन्हाळ्यात भिंतीत हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. मी घाबरून तुम्हाला बोलावलं. तुम्ही आलात, आमच्या घरचा चहा घेतलात. त्या काळी वस्तीत येऊन पुष्कळ जण घेत नसत, हे मी नाकारत नाही. आप्पांनी भिंतीला वासा लावून धरला होता. त्यांना तसंच उभं राहायला सांगून तुम्ही फोटो काढलात. आप्पांनी शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं. नंतर विचारलं, "सायेब, आता काय करावं?" तुम्ही म्हणालात, "पाडा," आणि परतीच्या बसची वेळ विचारलीत.

आम्ही पाडली नाही. श्रावणात ती आपली आपण पडली. पुढं आप्पा चुलत्याच्या पडवीत राहिले. स्लॅबखाली ते फक्त शेवटचे चार दिवस झोपले, निपाणीच्या सरकारी दवाखान्यात. हे सगळं मी आजवर तुमच्या माथी मारत आले. वर्गात सांगते की आमचे एक सर होते, त्यांना तांबड्या मातीपलीकडचं जग ठाऊक नव्हतं, आणि कोणाच्या पायाखाली कोणती माती यायची हे गावात कोण ठरवतं, ते त्यांनी कधी विचारलं नाही. ते खरंच आहे, आणि ते सांगताना मला गोडही लागतं. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणूनच पुढचं लिहिते.

भिंत पडायच्या आधी, जूनमध्ये, तुम्ही तो फोटो वर्गात पडद्यावर दाखवलात. वासा धरून उभे असलेले आप्पा. माणूस कोण, कुठला, काही सांगितलं नाहीत. "ह्याचं काय चुकलं?" एवढंच विचारलंत. मागून कोणीतरी "अडाणी आहे" म्हणालं, पोरं हसली. तुमचं समाधान झालं नव्हतं, तुम्ही थांबून राहिलात. तेव्हा मी हात वर केला. उभी राहिले आणि स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाले, "सर, त्यांनी माती न तपासताच बांधलं." तुम्ही म्हणालात, "शाब्बास. बस खाली." मी बसले. आणि मला फार बरं वाटलं, सर.