उघडा हात

३ मार्च

ती. ताईस, भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

इथं सगळं ठीक म्हटलं तर तू ओळखशीलच, म्हणून खरं लिहितो. माझ्या हातून वाटोळं झालंय.

मी प्रयोगशाळेत बाटल्या धुतो, तुला ठाऊकच. तुझ्या यकृतात आहे तोच विषाणू मॅडमनी इथं बशीत वाढवलेल्या माणसाच्या पेशींत सोडलाय. तो आत शिरून चिठ्ठ्या पाठवतो म्हणे, माझ्यासारखे आणखी बनवा. मॅडम आरएनएचा बारीकसा तुकडा सोडतात. त्यामुळं ती चिठ्ठी वाटेतच फाडली जाते, विषाणूची बोलती बंद.

परवा त्या तुकड्याच्या नळ्या उघड्या होत्या. मला राहवलं नाही. हातमोजा काढला नि ताईला गुण येऊ दे म्हणत, तुझं नाव घेत एकेका नळीच्या तोंडावरून बोट फिरवलं. नंतर कळलं, उघड्या कातडीवर जे असतं त्यानं आरएनएचा चुराडा होतो. प्रयोग फसला. मॅडम म्हणाल्या, हा तुकडाच कुचकामी दिसतो, सोडून देऊ. मी गप्प आहे. बोललो तर नोकरी जाईल.

लोभ या मूर्खावरून काढून घेऊ नकोस.

तुझा भिंगरी


१२ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

साय खाऊन मांजराचं नाव सांगायचास, तेव्हा मी झाकलं. आता झाकणार नाही. नोकरी दुसरी मिळेल, पण तुझ्या गप्प बसण्यानं चांगलं औषध केरात जाईल. मला ते मिळायचं नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, माझ्याकडे तेवढे दिवस नाहीत. ज्यांच्याकडे आहेत त्यांचं काय? आजच सांग.

धाकट्या जाऊबाई चहाचा कप दाराशी ठेवून पळतात. हात लावल्यानं हा आजार होत नाही, हे सांगून डॉक्टर थकले. राग नाही रे. पण महिना झाला, मला कुणाचा हात लागलेला नाही.

जेवत जा वेळेवर. माया आहे तशीच आहे.

ताई


८ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न.

सांगितलं. मॅडमनी फसलेल्या प्रयोगाची वही पुन्हा उघडली. मग म्हणाल्या, टेबलाकडे फिरकायचं नाही, बाटल्या धुवायच्या. प्रयोग पुन्हा केला. काल आकडे आले, विषाणू जवळजवळ गप्प. मला बोलावून लांबून दाखवले. औषध माणसांपर्यंत पोचायला अजून बरीच वर्षं, असंही म्हणाल्या.

रजा मिळालीय. शनिवारी पोचतो. दाराशी ठेवलेला कप उचलू नकोस, मी हातात देईन. हातमोजा इथंच खुंटीला टांगून येतोय.

तोवर लोभ नको, नुसती वाट बघ.

तुझा भिंगरी