सतरा तबकड्या, एक खांदा

मी, सौ. रमा चिंतामण पांढरीपांडे, वय वर्षे त्रेपन्न, व्यवसाय कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणे आणि रविवारच्या सदरातून गावाला चिमटे काढणे, राहणार राजापेठ, अमरावती, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती तर नको तितकी शाबूत आहे, आणि हे लिहिताना माझ्यावर कोणाचाही दाब नाही. दाब आहे तो फक्त माझ्या खेळाच्या पिशवीच्या चेनवर. ही चेन अर्ध्यावर येते आणि तिथे धरणे धरून बसते. मी तिला मेण लावलं, खोबरेल लावलं, एकदा वाईट शब्दही लावले. शेवटी बाजारातल्या पिशवीवाल्याकडे नेली. तो म्हणाला, "मॅडम, चेनले काई झालं नाई. सामान कमी करा." जो न्याय मला तीस वर्षांच्या संसारात कोणी दिला नाही तो या माणसाने चहा पिता पिता दिला. अंमल मात्र करता आला नाही. का, ते पुढे येईलच.

मृत्युपत्राचे कारण असे की येत्या गुरुवारी माझ्या उजव्या खांद्याचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, अगदी साधं आहे. खांदा त्यांचा नसल्यामुळे मीही त्यांच्याशी सहमत आहे. माझे पती अॅड. चिंतामण (यापुढे 'हे') म्हणाले, "साधंच आहे गं. पण लिहून ठेवलेलं बरं." वकिलाच्या बायकोला धीर असाच मिळतो, कलमवार.

कलम १. राहते घर यांच्या नावावर असल्यामुळे ते मला कोणाला देता येत नाही. तीस वर्षे फक्त झाडता आले. माझ्या पगारातून साठलेल्या ठेवी आणि माझे दागिने माझी मुलगी मैथिली हिला द्यावे. तिने पाटल्या मोडून नवीन काही केले तरी माझी हरकत नाही. फक्त "आई, जुन्या फॅशनचं होतं" हे माझ्या फोटोसमोर म्हणू नये.

कलम २. आता मुख्य मिळकत. पिशवी एक, डिस्क नग सतरा. ही माझी स्वतःची, स्त्रीधनासमान मिळकत असून तीवर एकत्र कुटुंबाचा हक्क नाही.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी खुलासा. बडनेरा रस्त्याला आमची थोडी पडीक जागा आहे. तिथे लोखंडी खांबांवर साखळ्या सोडलेल्या पाच टोपल्या उभ्या आहेत. लांबून प्लास्टिकची तबकडी फेकायची; जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची; साखळीला लागून टोपलीत पडली की पुढच्या टोपलीकडे. ज्याच्या फेका कमी तो जिंकला. या खेळात नवशिक्याने तीनच डिस्क बाळगाव्या असे सगळे जाणकार एकमुखाने सांगतात: टोपलीजवळ अलगद टाकायला एक पटर, मधल्या अंतराला एक मिडरेंज आणि लांब फेकायला एक हलका, हळू ड्रायव्हर. वेगाच्या आकड्याला भुलू नये. जास्त वेगाची डिस्क कच्च्या हातातून सुटली की सरळ जात नाही, डावीकडे वळून जमिनीवर आपटते. राजापेठेत पाचवीच्या पोरांना अकरावीची पुस्तकं देणारे क्लास आहेत. तिथेही पोरं तशीच वळतात.

तीनच. एवढी साधी गोष्ट. पण ती सांगणाऱ्या जाणकारांना नातेवाईक नसावेत.

झाले असे की मैथिलीने वाढदिवसाला मला पहिली डिस्क दिली, नारिंगी मिडरेंज. ती मी फेकली, ती गेली, आणि कित्येक वर्षांनी माझ्या हातून निघालेली एखादी गोष्ट मी म्हटलं तिथे पडली. मी वेडीच झाले. ही बातमी फुटली. मग भाऊबीजेला डिस्क, हळदीकुंकवाच्या वाणात डिस्क, लग्नाच्या वाढदिवसाला डिस्क. पूर्वी स्टीलचे डबे यायचे तेव्हा निदान ते दुसऱ्याच्या लग्नात फिरवता यायचे. आणि देणारा नुसता देऊन थांबत नाही. तो रविवारी मैदानावर येतो, पिशवीत डोकावतो आणि विचारतो, "आमची कुठाय?"

कलम ३. यांनी दिलेला काळा ड्रायव्हर यांनाच परत द्यावा. दुकानात सगळ्यांत महाग होता म्हणून घेतला. "स्वस्तातलं घेऊन काय करायचं?" मला उचलायलाही जड, वेगाला तर विचारू नका, आणि रंग काळा. आमच्या काळ्या मातीत काळी डिस्क पडली म्हणजे ती शोधायला कुत्रं आणावं लागतं. हे बांधावर उभे राहून म्हणायचे, "मनगट वापर, मनगट!" यांनी आजवर एकही फेकलेली नाही. माझ्या पश्चात यांनी ही डिस्क रोज दहा वेळा फेकावी आणि दहा वेळा स्वतः शोधावी, अशी अट घालते.

कलम ४. शेजारची प्रतीक्षा हिने आपल्या क्लासची जाहिरात छापलेली तबकडी भेट दिली. ती या खेळाची नाहीच, समुद्रावर पोरं खेळतात ती आहे. तसं तिला सांगितलं तर म्हणाली, "काकू, पण दोन्ही बाजूंनी छापलंय ना. उलटी पडली तरी ॲडमिशन चालू." ती तिलाच परत द्यावी.

कलम ५. हिरवी डिस्क शेजारच्या वावरातल्या पार्बताबाईंकडे आहे. त्या आणि त्यांचे यजमान किसनराव तिथे झेंडू, शेवंती आणि तूर लावतात. यंदा तूर उभी असताना ती डिस्क तिकडे गेली आणि हिरव्यात हिरवी मिसळली. पुढे एकदा मी पाणी प्यायला गेले तर ती माठावर झाकण. मी पाहिलं, त्यांनी पाहिलं. "तुमची हाये काय बाई? मले वाटलं आभायातून पडली." मग हसून म्हणाल्या, "नेता काय? पण मंग माठ उघडा पडते." ती त्यांच्याच मालकीची झाली असे मानावे. सतरांपैकी रोज कामात येणारी ती एकच आहे.

कलम ६. रिकामी पिशवी बंडू यास द्यावी. हा आमच्या रविवार मंडळाचा स्वयंघोषित प्रशिक्षक. स्वतः पंचवीस डिस्क घेऊन हिंडतो आणि मला म्हणतो, "मॅडम, आपण डिस्क निवडत नसतो, डिस्क आपल्याले निवडते." मग माझ्या वाट्याला काळ्या ड्रायव्हरसारखं स्थळ का आलं, ते त्यानेच सांगावं. ही भलीमोठी पिशवी त्यानेच घ्यायला लावली. आता पेलावी.

कलम ७. व्याह्यांनी दिलेला संच, सोनेरी कागदाच्या पेटीसह, मैथिलीने ठेवून घ्यावा. उरलेल्या सगळ्या ज्यांच्या त्यांना. कोणी घ्यायला नकार दिल्यास तो मान्य करू नये.

कलम ८. आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते.

एप्रिलमध्ये बंडूने मैदानावर पहिला सामना ठेवला. मी ठरवलं, बास. तीनच न्यायच्या. मैथिलीची नारिंगी घेतली. मी स्वतः निवडलेला हलका पिवळा ड्रायव्हर घेतला. तिसरी पटर. पटर दोन होत्या. एक व्याह्यांच्या संचातली, आणि एक जांभळी, माझ्या नणंदेने, शैलावन्संनी अकोल्याहून आणलेली. हाताला जांभळी बसायची. पण व्याही-विहीणबाई पुण्याहून मुक्कामाला आलेले, सामना बघायला येणार. पाहुण्यांचा मान. मग व्याह्यांची घेतली.

वन्सं घरच्या. आपल्याकडे घरच्या माणसाचं पान शेवटी वाढतात. उरलं तर भाजी, नाहीतर लोणचं. तो समजून घेतो म्हणून तो घरचा.

त्या सकाळच्या एसटीने अकोल्याहून आल्या. तेल्हाऱ्याच्या शाळेत आयुष्यभर शिकवून बोली तिथलीच झालेली. लग्नानंतर मला पुढे शिकायचं होतं तेव्हा मामंजींसमोर उभं राहून "तिले शिकू द्या, नाई तं मी इथं पाय नाई ठेवत" असं म्हणालेल्या वन्सं ह्याच. माझं सदर छापून आलं की सकाळी पहिला फोन यांचा. लोक रागावले की यांना आनंद.

त्यांनी पिशवीत पाहिलं.

"रमा, माई नाई आणली?"

"वन्सं, नवशिक्यानं तीनच घ्यायच्या असतात."

त्यांनी एकेकीला हात लावून मोजलं. "बरं," म्हणाल्या. "तिनात मी नाई."

मी तिसऱ्या टोपलीशी असताना त्या रस्त्याकडे निघाल्याचं मला दिसलं. ऊन असं की डोळे उघडवेनात. मी आणखी एक फेकून मग मागे वळले, तोवर एसटीला हात दाखवून त्या गेल्या होत्या. त्यानंतर फोन नाही. सदर छापून येतं, फोन नाही.

पुढच्या रविवारपासून मी सतराच्या सतरा पिशवीत भरल्या. कोणाचीच राहायला नको. खांदा रोज थोडा थोडा दुखत होता, एक दिवस हात वरच जाईना. तीन निवडायला गेले तर माणूस गेलं. सगळ्या घ्यायला गेले तर खांदा गेला. यातून धडा काय घ्यायचा ते कोणाला कळल्यास माझ्या पश्चात माझ्या सदरात लिहावं.

कलम ९. साक्षीदारांविषयी. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि मृत्युपत्रात ज्याला काही दिलंय त्याने किंवा त्याच्या नवऱ्या-बायकोने साक्षीला सही केली तर त्याला दिलेलं रद्द होतं. हे यांनी मला सगळी वाटणी लिहून झाल्यावर सांगितलं.

"मग आता सही कोण करणार?" मी विचारलं.

"ज्याला तू काही ठेवलं नाहीस असा माणूस."

दोघांनी बसून यादी चाळली. प्रतीक्षा बाद. बंडू बाद. पार्बताबाई बाद, त्यांच्यामुळे किसनरावही बाद. नातेवाईक तर सगळेच. मानपान सांभाळता सांभाळता मी अख्खं गाव वारस करून ठेवलं होतं. टोपल्या बनवणारे वेल्डिंगवाले पुंजाजी तेवढे सुटले. त्यांनी आधीच सांगितलं होतं, "बाई, मले काई ठेवू नोका. ताटं फेकाचा हा धंदा मले समजतच नाई. जेवाचं सोडून फेकता काहून?" एक झाले.

"दुसरी शैला होऊ शकते," हे म्हणाले. "पण कलम आठच्या शेवटी तू तिला जांभळी लिहून ठेवली आहेस. ती ओळ काढावी लागेल."

म्हणजे पुन्हा वन्संनाच वगळायचं. मी आठ महिने ज्या फोनची वाट पाहत होते तो मलाच करायचा, आणि तोही हे सांगायला.

"वन्सं, मृत्युपत्रावर साक्षीला सही हवी होती."

"कोनाच्या?"

"माझ्या."

 "काय झालं तुले?"

"खांदा. गुरुवारी ऑपरेशन आहे. साधं आहे."

"साधं असतं तं मृत्युपत्र केलं असतं का वं?" आवाज बदलला होता. मग सावरून, "मले काय ठेवलं?"

"काहीच नाही. ठेवलं तर तुमची सही चालत नाही."

 त्या हसल्या. खोकला येईपर्यंत हसल्या. "म्हंजे तिनातबी नाई अन् सतरातबी नाई! आता तं कायद्यानंच काढलं मले."

"याल ना?"

"येतो ना. दादाले सांग, सही करतो, पन वाचून करीन."

कलम १०. सबब कलम दोनमध्ये दुरुस्ती. माझ्या मिळकतीत डिस्क सतरा नसून सोळा आहेत. जांभळी पटर ही माझी मिळकत नाही, म्हणून ती मी कोणाला ठेवलेली नाही. ती शैलावन्संची आहे, माझ्याकडे वापरायला आहे. खांदा बरा झाला तर माझ्यासोबत मैदानावर तीन जातील: नारिंगी, पिवळी आणि ती. व्याही आले तरी. खांदा बरा झालाच नाही तर ज्याची वस्तू त्याच्याकडे जाईल. त्याला मृत्युपत्र लागत नाही. हे म्हणाले, "हे चालेल." वकिलाच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

वरील मजकूर आज रविवारी वन्संनी चष्मा लावून सावकाश वाचला. कलम आठवर थांबल्या, मागे गेल्या, पुन्हा वाचलं. कलम तीनला मात्र "दहा नाई, वीस कर" अशी सूचना केली. ती फेटाळण्यात आली. मग जेवायची वेळ झाली म्हणून सह्या थांबवल्या. घरात पुंजाजी बसलेले, हे बसलेले, बंडूही नेमका टपकलेला. मी डाव्या हाताने पहिलं ताट वाढलं आणि वन्संपुढे ठेवलं.

"आधी पुंजाजींले दे," त्या म्हणाल्या. "मी काय पाहुनी हाओ का?"

"नाही," मी म्हटलं, आणि भातावर तूप वाढलं. "जेवा."

त्या जेवायला बसल्या. बाकीच्यांना मी नंतर वाढलं.

हे माझे शेवटचे मृत्युपत्र असून याआधी मी असले काही केलेले नाही. खालील दोघांनी मला सही करताना पाहिले, आणि मी त्यांना.

स्थळ: अमरावती
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

लिहून ठेवणार:
सौ. रमा चिंतामण पांढरीपांडे
(उजवा हात उचलवत नसल्याने सही डाव्या हाताची, अक्षर तसेच वाचावे)

साक्षीदार:
१. पुंजाजी, वेल्डिंगवाले, राहणार बडनेरा
२. शैला, लिहून ठेवणारीच्या नणंद, निवृत्त शिक्षिका, राहणार जठारपेठ, अकोला