पुजलेल्या बसचा केक

बाबा,

आज सकाळी एका बाईनं नातवाच्या वाढदिवसासाठी माझ्याकडे बसच्या आकाराचा केक मागितला आणि मला तुम्ही आठवलात. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, मी स्वतः आजी झाले, तरी त्या रविवारचा धक्का काही ओसरत नाही. म्हणून लिहायला बसले. तुम्ही समोर असता तर एवढं बोलायची माझी काय टाप होती!

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आपल्या बेटावरच्या क्यूरपीप गावात, एका केकच्या दुकानात आठवड्यातून तीन दिवस हाताखाली काम करायचे. अंडी फेटायची, साच्यांना लोणी लावायचं, पडेल ते करायचं. तिथल्या मुख्य बाईला आम्ही मादाम म्हणायचो. ती मला कायमचं घ्यायला तयार होती आणि सोमवारी तिला उत्तर हवं होतं. तुम्ही ना हो म्हणत होता, ना नाही. "परक्याच्या चुलीम्होरं दिसभर उभी ऱ्हानार काय गो ती?" एवढंच आईला म्हणालात, तेही मला ऐकू येईल असं. त्याच आठवड्यात तुमची बस रस्त्यावरून उतरायची होती. कार्तिए मिलितेर ते पोर लुई, अकरा वर्षं तुम्ही तीच गाडी हाकलीत. मालकानं नवी घेतली आणि जुनी मोडीत काढायचं ठरवलं. रविवारी सकाळी तिची शेवटची फेरी होती. मी मनाशी पक्कं केलं की त्या बसचाच केक करायचा. बाबा एक घास खातील, माझ्या हातात काय आहे ते त्यांना कळेल, आणि मग नाही म्हणणं त्यांना जमायचं नाही.

तोवर मी गोल आणि चौकोनी केकच पाहिले होते. पुढून बघा, मागून बघा, वाकून बघा, वस्तू तीच दिसली पाहिजे, असलं काही मी कधी केलं नव्हतं. मादामनं सांगितलं, केक एक दिवस शिळा होऊ दे, ताजा असला तर सुरीखाली भुगा होतो. मग चौकोनी थर एकावर एक रचले, मध्ये लोणी-साखरेचं क्रीम भरलं आणि दातेरी सुरीनं बसच्या आकारात बसत नाही ते सगळं काढत गेले. छताच्या कडा गोल केल्या, खिडक्या खणल्या, चाकांना बिस्किटं लावली. तुमच्या गाडीचा डावा दिवा जरा मिचमिचा होता, तोही तसाच केला. सगळं झाल्यावर नाक कोरायला घेतलं आणि सुरी एक बोट खोल गेली. बसच्या तोंडावर ही भेग! कापलेला केक परत चिकटत नाही, बाबा. मी रडकुंडीला आले. मग थोडं क्रीम लाल रंगवलं आणि भेगेत दाबून वर गोल टिळा काढला. खंडेनवमीला तुम्ही गाडी धुऊन, हार घालून तिच्या तोंडावर कुंकू लावायचात, नेमकं त्याच जागी. माझी हुशारी मलाच इतकी आवडली की काय सांगू.

रविवारी दुपारी घरात शेजारी जमलेत. तुमच्या बसचे कंडक्टरकाका सगळ्यात पुढे. मी फडकं काढते आणि काका ओरडतात, "आयो! मेम बिस सा! तीच गाडी, बग, तीच!" तुम्ही पुढे येता, वाकता, दिव्याकडे बघून हसता. मग तुमची नजर टिळ्यावर जाते. तुम्ही पायातल्या चपला काढता आणि हात जोडता. माझी छाती फुगून आली आहे. आई तुमच्या हातात सुरी देते.

"कापा आता, अवो. पोरीनं दोन दिस खपून केलाय."

तुम्ही सुरीकडे बघता, माझ्याकडे बघता. "पुजलेल्या गाडीला सुरी लावू? अकरा वरसं पोट भरलं तिनं आपलं. तिच्या तोंडावर सुरी चालवू मी?"

"अरं, केक हाय तो, गातो! खायाचा केक!" काका म्हणतात.

"मग कुकू कुनी लावलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागतात. बाबा, 'ते कुंकू नाही, भेग बुजवली आहे' एवढं म्हटलं असतं तर तुम्ही हसून केक कापला असता. पण चार माणसांत माझी चूक सांगायची माझी तयारी नव्हती.

तुम्ही केक फळीसकट उचललात आणि नदीची वाट धरलीत, आपण गणपती नेतो त्याच वाटेनं. मागून आम्ही सगळे. सवयीनं काकांच्या तोंडून "मोरया" निघालं आणि त्यांनी जीभ चावली. तुम्ही गुडघाभर पाण्यात जाऊन बस सोडलीत. ती लगेच बुडालीही नाही. थोडी तरंगली, छत विरघळलं, मासे जमले. माझी दोन दिवसांची मेहनत मासे खात होते. मला तुमचा राग आला. इतका राग मला नंतर कुणाचाच आला नाही.

परत येताना तुम्ही ओल्या धोतरानं माझ्या बरोबरीनं चालत होता. आता कायमचं 'नाही' ऐकायचं म्हणून मी खाली बघत होते. तुम्ही म्हणालात, "सोमवारी जा तू कामाला. पर वस्तू इतकी खरी करू नको गो." मी मटकन रस्त्याच्या कडेला बसले. आई घाबरली, तिला वाटलं मला भोवळ आली.

सोमवारी मादामनं दारातच विचारलं, "पापा फिन्न मांजे?" बाबांनी खाल्ला का? मी म्हटलं, "वी, दे मोर्सो." दोन तुकडे. पुढे नवऱ्याला, मुलांना, नातवंडांनाही मी हेच सांगत आले. हे पत्र कपाटात राहील. नातवंडांना मराठी समजते, वाचता येत नाही, त्यामुळे मी पकडली जायची नाही. परवा धाकटीनं विचारलं, पणजोबांना आवडला का? मी म्हटलं, फार. आणि बाबा, खरं सांगते, आता कधी कधी मला तुम्ही तो खाताना दिसता.