तूर फुलली तेव्हाचे फोटो

माय, तू जाऊन नऊ वर्षं झाली. परवा दादा मुखेडहून आला आणि तुझ्या जुन्या मोबाइलमधलं मेमरी कार्ड माझ्या हातावर ठेवून गेला. कपाट आवरताना सापडलं म्हणे. आत आपल्या तुरीचे फोटो होते, एकाच जागेवरून काढलेले, रोज एक.

त्या साली पेरणीआधी तू माझ्याकडे लातूरला आली होतीस. मी लग्नाचे व्हिडिओ करते त्या दुकानात तुला नेलं आणि एका बांधकामाचे फोटो एकामागे एक पळवून दाखवले. पायापासून गच्चीपर्यंत इमारत दहा सेकंदांत उभी! तू पदर सावरत म्हणालीस, "अगं बया, मग गवंडी जेवले कवा?" हसून हसून माझं पोट दुखलं. मग मीच म्हणाले, आपल्या तुरीचं असं करू. तू रोज एक फोटो काढून पाठव, फक्त जागा हलवू नको, वेळ बदलू नको. "पोळ्याला बी?" "पोळ्याला बी." झालं, तू कामाला लागलीस. बांधावर चपटा दगड रोवलास आणि शाळेची घंटा झाली की त्यावर उभी राहून फोटो काढायचीस. निम्म्या फोटोंत कोपऱ्यात तुझा अंगठा आलाय.

आणि मी? महिन्याभरात विसरले. तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई लागली, मोबाइल भरला, मालक डोक्यावर बसलेला, आणि तेवढ्यात तुझा फोटो आला. तुला फोन लावून फाडफाड बोलले, "रोज तेच शेत काय पाठवून राहिलीस? दुसरं काम न्हाई का तुला?" "तूच सांगितलं होतंस," असं तू म्हणालीसुद्धा नाहीस. "बरं बाई, न्हाई पाठवत," म्हणून फोन ठेवलास. खरं सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. तो विषय आपण पुन्हा काढला नाही, आणि उन्हाळ्यात तू गेलीस.

आता सगळे फोटो ओळीनं लावले. तूर उगवते, गुडघ्याला लागते, कमरेला लागते, आणि एकदम धक्का बसतो. हिरव्या झाडांवर थेट शेंगा. फुलंच नाहीत. आधी वाटलं, कार्ड खराब झालं. तारखा बघितल्या, तर माझ्या त्या फोननंतरचे तीन आठवडे रिकामे. मग तू पुन्हा दगडावर उभी, रोज, तूर कापून रान मोकळं होईपर्यंत. त्यातला एकही फोटो मला पाठवला नाहीस. राग आला होता ना? यायलाच पाहिजे होता. तरी तू काम सोडलं नाहीस, माय. हे कळलं आणि मी दुकानात, गिऱ्हाइकासमोर रडले.

शेजारच्या शेतातली फुलं घालून तो धक्का झाकता आला असता. नाही झाकला. व्हिडिओ दादाला पाठवला, तर तो गावभर दाखवत फिरला आणि मग त्याचा फोन. "फुलं कुठं गेली गं? तूर फुलली न्हाई का त्या साली?" माझ्या तोंडून पटकन निघालं, "मायचा मोबाइल बिघडला व्हता तवा." त्याला पटलं. आता तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगतो. तो तुझ्या मोबाइलला नावं ठेवतो आणि मी "हाव, हाव" म्हणत मान डोलावते.