चोवीस केळ्यांचे तीन चतुर्थांश

जितेश,
काल आपल्या आर्याने चोवीस केळ्यांचे चार सारखे वाटे लावले, तीन बाजूला काढले आणि तीन चतुर्थांश म्हणजे अठरा असं लिहिलं. माझ्या वर्गातली चौथीची पोरंही असंच शिकतात. तू एवढा इंजिनीअर, चोवीसला नुसतं तीनने भागून आठ काढलेस आणि तिच्या वहीवर लाल पेनाने 'ढ' लिहिलंस. वर म्हणालास, "असले वाटे बाजारात लावतात."

आता तूच सोडव. घरात माणसं चार. त्यातली तीन चतुर्थांश चांदीपला माझ्या माहेरी चाललीत. उरलेला शहाणा कोण? त्याच्या वाट्याची सहा केळी टेबलावर आहेत, तेच जेवण.

तुझ्या आईही आमच्याबरोबर निघाल्यात. विरारच्या बाजारात भाजीचे वाटे लावूनच त्यांनी तुला इंजिनीअर केलं.

क्षितिजा